फ्रँकफर्टला उतरून पुढे रेल्वेने: विमान आणि गाडी यांची सांगड कशी घालावी

मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारी विमाने सकाळी फ्रँकफर्टला उतरतात, पण त्यांतल्या बऱ्याच मराठी प्रवाशांना मुळात फ्रँकफर्टला जायचे नसते. कोणाला कार्ल्सरूहच्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असतो, कोणी मानहाइमला नोकरीवर रुजू होणार असतो, तर कोणी आई-वडील स्टुटगार्टच्या परिसरात स्थायिक झालेल्या मुलाकडे निघालेले असतात. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यामुळे ही वर्दळ यापुढे वाढण्याचीच शक्यता आहे. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक आहे आणि तेथून स्टुटगार्टला आयसीई या वेगवान गाडीने सुमारे सव्वा तास लागतो. पुढील विवेचनात हाच प्रवास उदाहरणादाखल घेतला आहे. दुसऱ्या शहरी जाणाऱ्यांनी स्थानकाचे नाव तेवढे बदलून घ्यावे.

आधी तिकिटाचा प्रकार ठरवा

विमानाचे तिकीट आणि रेल्वेचे तिकीट वेगवेगळे काढले की ते दोन स्वतंत्र करार होतात. विमान दोन तास उशिरा उतरले आणि तुमची गाडी निघून गेली, तर रेल्वेच्या दृष्टीने तुम्ही फलाटावर वेळेत न आलेले प्रवासी असता, आणि विमान कंपनीच्या दृष्टीने तुम्हाला फ्रँकफर्टला पोहोचवून तिची जबाबदारी संपलेली असते. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात.

जर्मनीची राष्ट्रीय रेल्वे कंपनी डॉइचे बान ही लांब पल्ल्यासाठी मुख्यतः तीन प्रकारची तिकिटे विकते. सर्वांत स्वस्त सुपर श्पारप्राइस, त्याहून थोडे महाग श्पारप्राइस आणि सर्वांत महाग फ्लेक्सप्राइस. पहिली दोन तिकिटे ठरावीक गाडीशी बांधलेली असतात, म्हणजे तिकिटावर छापलेल्या आयसीई गाडीखेरीज दुसऱ्या आयसीईत ती चालत नाहीत. श्पारप्राइस काही रक्कम कापून रद्द करता येते, सुपर श्पारप्राइस मुळीच रद्द करता येत नाही. फ्लेक्सप्राइसचे तिकीट मात्र त्या दिवशी त्या मार्गावरच्या कोणत्याही गाडीला चालते. किमतीतला फरक कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून साहजिकच लोक स्वस्त तिकिटाकडे वळतात, आणि विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या प्रवासासाठी नेमके हेच तिकीट सर्वांत गैरसोयीचे ठरते.

याला दोन पर्याय असे आहेत, ज्यांची माहिती विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच असायला हवी, कारण नंतर ते बहुधा हाती लागत नाहीत.

पहिला पर्याय लुफ्थान्साच्या एक्स्प्रेस रेल सेवेचा. यात फ्रँकफर्ट–स्टुटगार्ट ही आयसीई गाडी विमानाच्याच तिकिटावर, लुफ्थान्साच्या क्रमांकाने, पुढचे उड्डाण असल्यासारखी नोंदवली जाते. शोधताना गंतव्य म्हणून स्टुटगार्टचा विमानतळ न निवडता स्टुटगार्टचे रेल्वे स्थानक निवडावे लागते, त्याचा संकेत झेडडब्ल्यूएस असा आहे. विमानाला उशीर होऊन गाडी चुकली, तर पुढच्या गाडीत बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, कारण प्रवास एकाच तिकिटावर आहे. सामान मात्र फ्रँकफर्टलाच ताब्यात घेऊन स्वतः गाडीत चढवायचे असते.

दुसरा पर्याय रेल अँड फ्लाय या नावाचा. अनेक विमान कंपन्या तो आपल्या तिकिटासोबत, कधी किमतीत धरून तर कधी वेगळे पैसे घेऊन देतात. यात गाडी ठरलेली नसते. उतरल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणतीही गाडी पकडता येते. फक्त विमानाच्या तिकिटावर ‘रेल अँड फ्लाय’ असे लिहिलेले असणे पुरेसे नसते. त्यावरून रेल्वेचे प्रत्यक्ष तिकीट प्रवासापूर्वी ऑनलाइन काढून घ्यावे लागते, आणि हे काम घरून निघण्याआधीच उरकलेले बरे.

हे दोन्ही पर्याय नसतील तर माझे मत स्पष्ट आहे. वयस्कर माणसे, लहान मुले किंवा पहिल्यांदाच युरोपात जाणारा विद्यार्थी असेल, तर उतरल्याच्या दिवशीसाठी फ्लेक्सप्राइसच घ्यावे आणि जास्तीचे पैसे विम्याचा हप्ता समजावेत. काटकसर करायचीच असेल तर ती पुढच्या प्रवासांत, जेव्हा तुम्ही हॉटेलमधून किंवा घरातून निघणार असता, तेव्हा करावी. तेथे श्पारप्राइस उत्तम चालते, आणि ते जितके आधी काढावे तितके स्वस्त मिळते. व्हिसा पासपोर्टवर उमटेपर्यंत रद्द न होणारे कोणतेही तिकीट घेऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

डॉइचलांड-टिकेट या मासिक पासाबद्दलही प्रश्न येतो. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला हा पास २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरोंचा झाला. तो देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर दोन मोठ्या बॅगा घेऊन प्रादेशिक गाड्या बदलत स्टुटगार्ट गाठण्याची कल्पना कागदावर स्वस्त दिसते, पण ती फक्त पाठीवर एक सॅक असलेल्या तरुणानेच अमलात आणावी. हा पास आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी आहे. ज्या महिन्यानंतर तो नको असेल, त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. सवलतीच्या बानकार्डचेही तसेच आहे, मुदत संपण्याच्या चार आठवडे आधी ते लेखी रद्द करावे लागते.

विमान उतरणे आणि गाडी सुटणे यांत किती वेळ ठेवावा

समजा विमानाची उतरण्याची वेळ सकाळी साडेसात आहे. विमान दरवाजाला लागून माणसे बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटे सहज जातात. नंतर पासपोर्ट तपासणीची रांग. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून, तीत बिगर-युरोपीय प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. पहिल्या खेपेला या नोंदणीसाठी जास्त वेळ लागतो, आणि सकाळी आशियातून येणारी अनेक विमाने एकाच सुमारास उतरत असल्याने रांग लांबते. त्यानंतर सामानाचा पट्टा, कस्टम्सचा दरवाजा आणि स्थानकापर्यंतची चाल. सगळे सुरळीत पार पडले तरी नऊ वाजतात, रेंगाळले तर साडेदहा.

यावरून गाडीशी बांधलेले तिकीट घेणाऱ्याने उतरण्याच्या नियोजित वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारी गाडी निवडावी. लवकर बाहेर पडलात तर विमानतळावर बसून चहा प्यावा लागेल इतकेच, पण गाडी हुकली तर पूर्ण किमतीचे नवे तिकीट काढावे लागेल. फ्लेक्सप्राइस किंवा रेल अँड फ्लाय असलेल्याने असे काही गणित मांडायची गरज नाही. बाहेर पडल्यावर मोबाइलवर पाहून पुढची सोयीची गाडी घ्यावी, स्टुटगार्टच्या दिशेने थेट किंवा मानहाइमला बदलून दिवसभर गाड्या आहेत.

घड्याळाबाबत एक सूचना. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, आणि हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचे घड्याळ बदलत नाही.

गाडी शोधताना

डॉइचे बानचे संकेतस्थळ आणि ‘डीबी नॅव्हिगेटर’ हे अ‍ॅप दोन्ही इंग्रजीत वापरता येतात. प्रारंभ स्थानकाच्या रकान्यात नुसते ‘फ्रँकफर्ट’ टंकल्यास अनेक नावे समोर येतात आणि तेथेच गफलत होते. आपल्याला हवे ते ‘फ्रँकफर्ट फ्लूगहाफेन फेर्नबानहोफ’, म्हणजे विमानतळाचे लांब पल्ल्याचे स्थानक. ‘फ्रँकफर्ट हाउप्टबानहोफ’ हे शहरातले मुख्य स्थानक, ते विमानतळापासून लोकलने पाव तासाच्या आत असले तरी तेथे उगाच जाण्याचे कारण नाही. ‘फ्रँकफर्ट ओडर’ हे तर पोलंडच्या सीमेवरचे निराळेच शहर आहे, आणि ‘फ्रँकफर्ट-हान’ नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे.

गंतव्य स्थानक म्हणून स्टुटगार्ट न घालता जेथे प्रत्यक्ष उतरायचे ते शेवटचे स्थानक घालावे. मुलगा ब्योब्लिंगेनला राहत असेल तर तिकीट थेट ब्योब्लिंगेनपर्यंतचे काढावे, जरी शेवटचा टप्पा स्टुटगार्टच्या लोकलने असला तरी. यात पैशांचा फारसा फरक पडत नाही, पण सगळा प्रवास एका तिकिटावर आला की आयसीईला उशीर होऊन पुढची लोकल चुकली तरी ती जबाबदारी रेल्वेची ठरते, आणि नुकसानभरपाईसाठी उशीर अंतिम स्थानकावरचा मोजला जातो. वेगवेगळी तिकिटे काढून प्रवासाचे तुकडे करणाऱ्याला हा लाभ मिळत नाही.

शोधाच्या पर्यायांत गाडी बदलण्यासाठी किमान वेळ ठरवता येतो. अ‍ॅप आपणहून सहा-सात मिनिटांचे बदलही सुचवते, आणि ते फलाट पाठ असलेल्या स्थानिक माणसाला जमणारे असतात. सामान असलेल्या प्रवाशाने ही मर्यादा वीस मिनिटांवर नेऊन ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे अर्धा तास जास्त लागला तरी चालेल, पण थेट गाडी घ्यावी. केवळ थेट गाड्या दाखवण्याची सोय शोधात आहे.

निघण्याच्या आठवडाभर आधी तीच गाडी पुन्हा एकदा शोधून पाहावी. जर्मन रेल्वेचे जुने मार्ग सध्या एकेक करून पूर्ण बंद ठेवून दुरुस्त केले जात आहेत. फ्रँकफर्ट आणि मानहाइम यांना जोडणारा सुमारे सत्तर किलोमीटरचा रीडबान मार्ग २०२४ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत असाच बंद होता, आणि त्या काळात या मार्गावरच्या गाड्या वळवाव्या लागल्या. अशा बंदीमुळे गाडीची वेळ तिकीट काढल्यानंतरही बदलू शकते. शिवाय डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी नवे वार्षिक वेळापत्रक लागू होते, त्यामुळे नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी जुन्या वेळा गृहीत धरू नयेत.

तिकीट म्हणजे आसन नव्हे

आपल्याकडे आरक्षित डब्याचे तिकीट ‘कन्फर्म’ झाले की बर्थ आपला. जर्मनीत तिकीट आणि आसन या निराळ्या गोष्टी आहेत. प्रतीक्षा यादी नसते, गाडी भरली म्हणून तिकीट नाकारलेही सहसा जात नाही, त्यामुळे तिकीट हातात असूनही दरवाजाजवळ उभे राहण्याची वेळ येऊ शकते. दुसऱ्या वर्गाचे आसन आरक्षण साडेपाच युरोंच्या आसपास पडते. शुक्रवार दुपार, रविवार संध्याकाळ आणि सणांच्या आधीचे दिवस यांसाठी ते घ्यावेच. फ्लेक्सप्राइसवाल्यांची येथे थोडी पंचाईत होते, कारण आरक्षण ठरावीक गाडीचे असते. त्यांनी सामान ताब्यात आल्यावर मोबाइलवरून आरक्षण काढावे, अगदी गाडी सुटण्याच्या थोडे आधीही ते मिळू शकते.

आरक्षित जागेवर गाडी सुटल्यानंतर पंधरा मिनिटांत येऊन बसले नाही तर हक्क जातो. आसनाच्या वर किंवा बाजूला छोट्या पडद्यावर ती जागा कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत आरक्षित आहे ते दिसते. तेथे काही लिहिलेले नसेल, किंवा तुमच्या उतरण्याच्या स्थानकानंतरचा टप्पा लिहिलेला असेल, तर बिनधास्त बसावे. लहान मुले असतील तर आरक्षण करताना कुटुंबांसाठीचा भाग निवडता येतो, आणि शांततेसाठी राखलेला डबा कटाक्षाने टाळावा. सहा ते चौदा वर्षांची मुले सोबतच्या प्रौढाबरोबर विनामूल्य जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची संख्या भरावी लागते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीटच लागत नाही.

पैसे भरण्यापूर्वी आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करावेत, कारण भारतीय कार्डांवर ते बहुधा मुळात बंद असतात. ओटीपी भारतीय क्रमांकावरच येणार असल्याने तो सिम परदेशातही संदेश घेऊ शकेल अशी तजवीज करावी, नाही तर फ्रँकफर्टला उभे राहून तिकीट काढता येणार नाही. तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे असावे, आणि ते अ‍ॅपमध्ये उतरवून घेण्याबरोबरच त्याची कागदी प्रतही जवळ ठेवावी. मोबाइलची बॅटरी संपली ही सबब तिकीट तपासनीस ऐकून घेत नाही.

सामान, आणि आंब्याची पेटी

गाडीत सामानाचे वजन कोणी करत नाही, पण हमालही नसतो. जे सामान तुम्ही स्वतः एका फेरीत उचलून डब्यात चढवू शकता, तेवढेच तुमचे. प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा विमानात चालतात म्हणून नेणारे पुष्कळ असतात. मधल्या स्थानकावर गाडी दोन-चार मिनिटेच थांबते, तेव्हा चार बॅगा आणि दोन माणसे हे प्रमाण जड जाते. डब्याच्या टोकाला आणि मध्येही मोठ्या बॅगांसाठी कप्पे असतात, ते लवकर भरतात. आसनावरच्या फळीवर केबिन बॅग नीट बसते.

खाण्याच्या जिनसांबाबत नियम कडक आहेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, पनीर आणि घरचे तूप हे सगळे बाद. फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून वगळली आहेत, त्यामुळे नातवासाठी नेलेली हापूसची पेटी प्रमाणपत्राशिवाय कस्टम्सच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. पेटी तर जातेच, वर अर्धा-पाऊण तासही जातो, आणि गाडीशी बांधलेले तिकीट असेल तर तो फार महागात पडतो. कोरड्या चटण्या, मसाले, चिवडा, पुरणपोळीऐवजी गूळपोळी, तीही तेलावर भाजलेली, असा विचार करावा.

उतरल्यावर स्थानकापर्यंत

लुफ्थान्साचे मुंबईचे विमान टर्मिनल १ ला लागते. दुसऱ्या टर्मिनलवर उतरणाऱ्यांनी स्कायलाइन या विनामूल्य गाडीने किंवा विमानतळाच्या बसने आधी टर्मिनल १ गाठावे. तेथून पाट्या पाहत चालायचे, पण पाट्या दोन प्रकारच्या आहेत हे ध्यानात ठेवावे. एक स्थानक टर्मिनलच्या खाली आहे, ते लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचे, फलाट १ ते ३. दुसरे रस्ता ओलांडणाऱ्या बंदिस्त पुलापलीकडे आहे, ते फेर्नबानहोफ, फलाट ४ ते ७. हे दुसरे स्थानक १९९९ मध्ये सुरू झाले आणि आयसीई गाड्या तेथूनच सुटतात. आगमन कक्षापासून सामानासह पोहोचायला दहा ते पंधरा मिनिटे धरावीत. खाली फलाटावर जायला लिफ्ट आहेत. सरकत्या जिन्यावर मोठ्या बॅगा घेऊन कसरत करण्याची गरज नाही.

ज्यांना चालणे कठीण आहे किंवा ज्यांना चाकांची खुर्ची लागते, त्यांच्यासाठी रेल्वेची विनामूल्य मदतसेवा आहे. ती आदल्या संध्याकाळपर्यंत नोंदवावी लागते, म्हणजे विमानात बसण्याआधी. विमानतळाची चाकांची खुर्ची आणि रेल्वेची चाकांची खुर्ची या दोन वेगळ्या सेवा असून, एकीची मागणी दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही.

फलाटावर

जर्मन स्थानकांत फाटके नसतात, तिकीट गाडीत तपासले जाते. प्रादेशिक गाडीत किंवा लोकलमध्ये विनातिकीट सापडल्यास किमान ६० युरोंचा दंड होतो, आणि ‘मला कळले नाही’ याला उत्तर नसते.

फलाटावर पोहोचल्यावर वरच्या पडद्याकडे पाहावे. सुटण्याची वेळ, गाडीचा क्रमांक, मधली स्थानके आणि अंतिम स्थानक यांखाली किंवा बाजूला गाडीची एक छोटी आकृती असते आणि तीवर ए, बी, सी अशी अक्षरे असतात. तीच अक्षरे फलाटावर ठराविक अंतराने टांगलेल्या चौकोनी पाट्यांवर दिसतात. आयसीई जवळजवळ चारशे मीटर लांब असू शकते, त्यामुळे तुमचा डबा कोणत्या अक्षरासमोर येणार हे आधीच पाहून तेथे उभे राहिले तर धावाधाव वाचते. हीच आकृती अ‍ॅपमध्ये गाडीच्या तपशिलातही मिळते, आणि तेथे तुमचा डबा वेगळा दाखवलेला असतो. शेवटच्या क्षणी ‘उमगेकेर्टे वागनराइउंग’ अशी घोषणा झाली किंवा पडद्यावर ही अक्षरे सरकली, तर डब्यांचा क्रम उलटा आला आहे असे समजावे. अशा वेळी आजूबाजूचे सगळे जण एकदम विरुद्ध दिशेला चालू लागतात, त्यांच्यामागे जावे.

काही आयसीई गाड्या दोन गाड्या जोडून धावतात आणि वाटेत वेगळ्या होतात. बर्लिनहून येणाऱ्या गाड्या हाम या स्थानकावर अशा दुभागतात आणि अर्धी गाडी एका शहराला, अर्धी दुसऱ्याला जाते. दोन्ही भागांत आतून जाण्याची वाट नसते. म्हणून डब्याच्या दरवाजाशेजारच्या पडद्यावरचे अंतिम स्थानक वाचूनच चढावे. दरवाजे सुटण्याच्या वेळेच्या थोडे आधीच बंद होतात, नियोजित मिनिटाला धावत येऊन लटकण्याची सोय नाही.

मानहाइमला गाडी बदलायची असेल तर दहा मिनिटे आधी सामान काढून दरवाजाजवळ जावे. तेथे अनेकदा पुढची गाडी त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला उभी असते, पण अ‍ॅपमध्ये खात्री केल्याशिवाय ते गृहीत धरू नये. स्टुटगार्टचे मुख्य स्थानक आपल्या सीएसएमटीसारखे शेवटच्या टोकाचे आहे, रूळ तेथेच संपतात, आणि पुढे जाणाऱ्या गाड्या उलट्या दिशेने निघतात. तेथे नव्या भूमिगत स्थानकाचे काम २०१० पासून चालू आहे आणि त्यापायी फलाटापासून शहराकडे व लोकलकडे जाण्याची वाट लांबलेली आहे. ब्योब्लिंगेनची लोकल पकडायची असेल तर सामानासह पंधरा-वीस मिनिटे हाताशी ठेवावीत.

गाडीलाच उशीर झाला तर

जर्मन गाड्या मिनिटाच्या काट्यावर धावतात अशी समजूत घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि ‘वेळेवर’ याचा अर्थ सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. तेव्हा या शक्यतेची तयारी हाही नियोजनाचाच भाग आहे.

अंतिम स्थानकावर वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक उशीर होईल असे दिसू लागले, की गाडीशी बांधलेले स्वस्त तिकीटही मोकळे होते आणि दुसरी गाडी पकडता येते. अ‍ॅपमध्ये तशी सूचना येते, तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. हा नियम रेल्वेमुळे झालेल्या उशिराचा आहे, विमानामुळे झालेल्या उशिराला तो लागू नाही. एक तास किंवा त्याहून अधिक उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा त्याहून अधिक झाल्यास ५० टक्के रक्कम परत मिळते. अर्ज तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन करता येतो, आणि तेवढ्यासाठी तिकीट ज्या खात्यावरून काढले त्याचा पासवर्ड विसरू नये. मुलाने जर्मनीतून आई-वडिलांचे तिकीट काढले असेल तर परतावाही त्याच्याच खात्यातून मागणे सोपे जाते.

परतीच्या वेळी

परतीच्या प्रवासात गणित उलटे होते आणि जोखीम वाढते. येताना गाडी चुकली तर तासाभराने दुसरी असते. जाताना विमान चुकले तर नवे तिकीट लाखाच्या घरात जाऊ शकते, आणि रेल्वे उशिराबद्दल आपल्या भाड्याचा हिस्सा देते, विमानाच्या तिकिटाचा नाही. अपवाद फक्त एकाच तिकिटावरच्या एक्स्प्रेस रेलचा, तेथे चुकलेल्या जोडणीची काळजी विमान कंपनी घेते.

म्हणून मुंबईच्या विमानासाठी टर्मिनलवर सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचायचे असे धरावे, त्यासाठी वेळेत पोहोचवणारी गाडी शोधावी, आणि ती न घेता तिच्या आधीच्या दोन गाड्यांपैकी एखादी घ्यावी. सकाळी लवकरची गाडी असेल तर आदल्या रात्री अ‍ॅपमध्ये तिच्यासाठी सूचना सुरू करून ठेवाव्यात, म्हणजे गाडी रद्द झाल्याचे स्थानकावर गेल्यावर न कळता घरीच कळते. मानहाइमला बदल असलेली गाडी या दिवशी घेऊ नये. विमान अगदी पहाटेचे असेल तर आदल्या संध्याकाळीच विमानतळाजवळच्या हॉटेलात मुक्कामाला यावे. तिकिटात गंतव्य म्हणून पुन्हा ‘फ्लूगहाफेन फेर्नबानहोफ’च घालावे, कारण झोपेच्या भरात फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकापर्यंत गेलेल्या प्रवाशाला तेथून एस८ किंवा एस९ लोकल पकडून मागे यावे लागते.